कुकाऱ्याचे नेढे

घाटमाथ्यावर पठार जिथे संपते आणि कोकणाकडचा कडा सुरू होतो, तिथे डोंगराच्या धारेला एक आरपार भोक आहे. सुईच्या नाकासारखे दिसते म्हणून अशा भोकाला नेढे म्हणतात. या नेढ्यात चार माणसे सहज उभी राहतात. एका अंगाला पठार आणि गवळी धनगरांची वस्ती दिसते, दुसऱ्या अंगाला नुसती दरी. मान वर केली तर छताच्या मधोमध दगडाचा एक खुंट दिसतो, मोडलेल्या दातासारखा. येणारे पाहुणे दरीचे फोटो काढतात. खुंटाकडे पाहणारा विरळाच.

त्या दुपारी सौमित्रनेही वर पाहिले नव्हते. तंबूची लोखंडी खुंटी आणि एक गोटा घेऊन तो नेढ्याच्या भिंतीवर आपले नाव खोदत होता. ‘सौमि’ एवढे झाले, तेव्हा वनरक्षक प्रणिता झोरे त्याच्या मागे येऊन उभी राहिली होती.

आता सगळे पायथ्याला ठकूआजीच्या ताकाच्या छपरीत बसले होते. प्रणिताच्या मांडीवर पंचनाम्याचे कागद होते. सौमित्रची थोरली बहीण मधुरा तिच्या शेजारी बसून हळू आवाजात विनवत होती.

“मॅडम, दगडच आहे हो. कुणाच्या घराची भिंत नाही की देवळाची नाही. पुढच्या महिन्यात तो नोकरीवर रुजू व्हायचाय. केस झाली तर त्याचं सगळंच अडेल. समज देऊन सोडा ना. चुकून झालं असं लिहा.”

 प्रणिता याच वस्तीत वाढली होती. भिंतीवरची ती पांढरी खोक पाहिल्यापासून तिचा राग उतरला नव्हता. त्याने आपल्याशी अरेरावी केली, अंगावर धावून आला, अशी दोन वाक्ये तिने मनाशी जुळवूनही ठेवली होती. ती खरी नव्हती, पण त्यांनी केस भक्कम झाली असती. कागदावर मात्र ती अजून उतरली नव्हती.

ठकूआजीने पेला पुसत सौमित्रकडे पाहिले. “सौमि म्हंजे कोण रं? पोरगा का पोरगी?”

“सौमित्र,” तो खाली मान घालून म्हणाला.

“मग अर्धाच ऱ्हायलास की. आता येणारी-जाणारी विचारतील, ही सौमि कुठली म्हणून.”

मधुरालाही हसू आले. मुलाचे कान लाल झाले. आजीने त्याच्या हातात ताकाचा पेला दिला आणि म्हणाली, “पी. तुझ्या आधी एकानं असंच केलं व्हतं. त्याचं तर एकच अक्षर झालं.”

ही गोष्ट प्रणिताने लहानपणापासून ऐकली होती. पण असा कागद मांडीवर घेऊन कधी ऐकली नव्हती.

असे सांगतात, की फार पूर्वी हा डोंगर बोलत असे. नेढ्याच्या छताला दगडाची एक लांब जीभ लोंबत होती. पावसाळ्यात समुद्राकडून वारा चढला, की त्या जिभेवर आपटून घुमायचा. मोठ्या शंखासारखा आवाज निघायचा आणि पठारभर ऐकू जायचा. तेव्हा इथे धुके आले म्हणजे स्वतःचा हात स्वतःला दिसत नसे. म्हशींमागे गेलेली माणसे कान देऊन उभी राहत. आवाज डाव्या कानाला ठेवून चालले की वस्ती येई. आवाजाच्या पलीकडे पाऊल टाकले की कडा. त्याला लोक डोंगराचा कुकारा म्हणत. कुकारा म्हणजे रानात एकमेकांना घातलेली लांब हाक.

पलीकडच्या शिखरावर किल्ला होता. किल्लेदाराचा पुतण्या रायाजी अंगाने दांडगा आणि मनाने उतावळा. आपले नाव खालच्या मुलखातल्या लोकांनाही दिसावे, असे त्याच्या मनात आले म्हणे. छिन्नी-हातोडा घेऊन तो नेढ्यात चढला. एक अक्षर कोरून झाले, पण लोंबणारी जीभ उजेडाच्या आड येत होती. त्याने हातोड्याचे घाव घालून ती मोडली आणि दरीत लोटली. वरून तिचा पडण्याचा आवाज ऐकून तो हसला, असेही सांगतात.

उन्हाळा होता. कुणाला काही जाणवले नाही. एकदोघे म्हातारे कुरकुरले, तर लोक म्हणाले, दगडच तो.

आषाढात धुके उतरले. लखू नावाच्या मुलीचा बाप धाकू मागे राहिलेली म्हशीची एक पारडी शोधायला पठारावर परत गेला. वारा नेहमीसारखा सुटला होता, पण डोंगर गप्प होता. धुके विरले तेव्हा पारडी कड्याच्या काठावर चरत होती. धाकू खाली सापडला.

किल्लेदार कडक होता, पण न्यायाने वागणारा होता. त्याने पुतण्याला बांधून वस्तीपुढे आणले. लोकांत दोन तट पडले. कोणी म्हणाले, दगड कुणाच्या मालकीचा नव्हता, मग गुन्हा कसला? कोणी म्हणाले, दगड नाही मोडला, माणूस मारला. किल्लेदाराने सगळ्यांचे ऐकले आणि सांगितले, की ज्या हातांनी हे केले ते हात तोडावेत. पण मेला तो लखूचा बाप, तेव्हा शेवटचा शब्द लखूचा.

इथे आजी नेहमी थांबते. तशी ती आताही थांबली.

“तिनं माफ केलं असणार,” मधुरा म्हणाली.

“छ्या. माफ कशाला करंल? बाप व्हता तिचा.”

लखू म्हणे बराच वेळ रायाजीच्या हातांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “हात तोडून डोंगर बोलणार हाय का? यानं आवाज नेला. यानं आवाज द्यावा.”

तसे ठरले. रोज दिवस कलताना, आणि धुके असेल तेव्हा दिवसभर, रायाजीने नेढ्यात उभे राहून कुकारा घालायचा. पठारावरच्या प्रत्येक माणसाने घरी पोचताच उलट कुकारा द्यायचा. शेवटचे माणूस पोचल्याशिवाय त्याने खाली उतरायचे नाही.

पहिल्या पावसाळ्यात तो रागानेच ओरडे. पोरे त्याची नक्कल करत. आणि लखू? ती आता बापाच्या म्हशी राखत होती. घरी पोचली तरी ती उत्तरच देत नसे. चुलीपुढे बसून त्याचा आवाज ऐकत राही. ती पोचली की नाही ते त्याला कळत नसे, म्हणून तो घसा फुटेपर्यंत हाका घालत राही. शेवटी वस्तीतल्याच कुणाला तरी दया येई आणि तो माणूस लखू आल्याचे ओरडून सांगे. लखूला त्याचाही राग येई.

दुसऱ्या वर्षी श्रावणात असे धुके पडले, की म्हशीसुद्धा जागच्या हलेनात. लखू पठारावर अडकली. कुठे वस्ती आणि कुठे कडा, काही कळेना. बाप असाच उभा राहिला असेल, असे तिला वाटले. तेवढ्यात तो आवाज आला. फाटलेला, मध्येच तुटणारा, पण येत राहिलेला. ज्या माणसाचे तोंड पाहायचे नाही असे तिने ठरवले होते, त्याचाच आवाज डाव्या कानाला धरून ती पावलापावलाने चालू लागली. मागून म्हशी निघाल्या. आवाज थांबला की ती थांबे. तो पुन्हा आला की पाऊल उचली.

झोपडीच्या कुडाला हात लागला तेव्हा अंधारून आले होते. बाकीच्या सगळ्यांनी केव्हाच उत्तरे दिली होती. वर तो अजून हाका घालत होता, ते फक्त तिच्यासाठी. लखू दारात उभी राहिली. दोन्ही हात तोंडापाशी नेऊन तिने जोरात कुकारा दिला.

वरचा आवाज एकदम थांबला.  तो खाली बसून रडत होता, असे काही सांगतात. “आता ते कुणी बघितलं?” आजी म्हणाली. “बसला असंल बिचारा दमून.”

पाऊस सरल्यावर किल्लेदाराने शिक्षा संपल्याचा निरोप धाडला. रायाजी खाली आला नाही. “वर अजून माणसं हायेत,” एवढेच त्याने कळवले. नेढ्याच्या पायथ्याशी झोपडी बांधून तो राहिला. पुढे म्हातारा झाला, आवाज गेला, तेव्हा वस्तीने आपसात पाळ्या लावल्या. त्या आजही चालू आहेत.

आजीने रिकामा पेला उचलला. मधुराने सुटकेचा श्वास टाकला. “म्हणजे आजी, सोडूनच द्यायला हवं ना याला?”

“सोडायचं म्या कुठं म्हटलं? रायाजीला कुणी सोडलं व्हतं?” आजी म्हणाली. “हात तोडलं असतं तर एका दिसात आटपलं असतं. लखूनं आटपू दिलं न्हाई.”

प्रणिताने लहानपणी ही गोष्ट दयेची समजली होती. आज तिला वाटले, लखूचा राग शेवटपर्यंत गेलाच नसेल. पण तो राग न्याय करायला बसला नव्हता. तिने पेन उघडले आणि जे घडले ते लिहिले. कुठे, कशाने, किती खोल. जुळवून ठेवलेली दोन वाक्ये लिहिली नाहीत, आणि ‘चुकून’ हेही लिहिले नाही.

“केस होईल,” ती मधुराला म्हणाली. “पुढे कोर्ट काय ते ठरवेल. माझ्या कागदात खोटं काही नाही, एवढं मी सांगते.”

मधुराचे डोळे भरून आले. सौमित्रने कागद दोनदा वाचला आणि सही केली. मग बाहेर कलत्या उन्हाकडे पाहत त्याने विचारले, “आज पाळी कुणाची आहे?”

“आमच्या घरची,” आजी म्हणाली. “पोरगा बाजाराला गेलाय आणि माझं गुडघं हे असं. बघते कुणाला तरी.”

“मी जाऊ?”

आजीने प्रणिताकडे पाहिले. “त्यानं केस सुटायची न्हाई बरं का, लेकरा.”

“माहितीये.”

प्रणिता त्याच्याबरोबर वर गेली. नेढ्यात पोचल्यावर सौमित्रने पहिल्यांदाच मान वर करून तो खुंट पाहिला. मग भिंतीवरची आपली अर्धी अक्षरे पाहिली, आणि त्यांच्याकडे पाठ करून पठाराकडे तोंड केले. त्याचा पहिला कुकारा कोंबड्याच्या पिल्लासारखा निघाला.

“पोटातून,” प्रणिता म्हणाली.

दुसरा बरा गेला. वस्तीतून एक उत्तर आले, मग ओढ्याकडून, मग एका लहान मुलीचे, हसत दिलेले. तो उतरायला वळला.

“थांब. बायजाकाकू यायच्यात अजून. त्यांच्या म्हशी लांब असतात.”

तो परत उभा राहिला. ऊन गेले. पठारावर पातळ धुके धरू लागले. त्याने पुन्हा हाक घातली, मग पुन्हा. घसा खरखरला तसा त्याचा आवाज बदलला. आता तो कुणाला दाखवण्यासाठी ओरडत नव्हता, खरोखर विचारत होता. शेवटी वस्तीच्या पार टोकाकडून, धुक्याच्या पलीकडून, एका बाईचा लांब कुकारा आला.

“आल्या?” त्याने विचारले.

“आल्या,” प्रणिता म्हणाली.

आजही तुम्ही दिवस कलताना तिकडे गेलात, तर नेढ्यात कुणीतरी उभे असलेले दिसेल. डोंगराची मोडलेली जीभ परत आली नाही, आणि ‘सौमि’ ही अक्षरेही तिथेच आहेत. पण आजही पठारावरचे शेवटचे माणूस घरून उत्तर देत नाही, तोवर नेढ्यातून कोणी खाली उतरत नाही.