नाचाच्या वाटेतला धोंडा

आमच्या पाड्याच्या खळ्यात, ऐन नाचाच्या वाटेत, हा धोंडा दिसतोय ना? तो कोणी काढत नाही. खळं सारवतात तेही त्याच्या भोवतीनं. त्याला हात जोडू नका, मंडळी. तो देव नाही. आणि माझ्याही पाया पडू नका, त्याचं कारण शेवटी सांगतो.

बोहाड्यात, म्हणजे आमच्या मुखवट्यांच्या नाचात, देवीचा मुखवटा घेणारा दिवसभर उपाशी राहून मुखवट्याकडे टक लावून बसतो. सांबळ वाजू लागला की श्वास त्या ठेक्याला लागतो, भान सुटतं आणि अंगात वारं येतं, असं सांगतात. मीही पाहुण्यांना तसंच सांगतो.

फार मागे म्हणे नवसू नावाचा नाचणारा होता. त्याच्या अंगातली देवी बोलेल ते पाड्याला मान्य. एका साली तीन पोरं तापानं गेली. नाचता नाचता मुखवट्याआडून आवाज आला, "बुधी डाकीण हाय. तिला शिवेबाहेर घाला." बुधी एकटी विधवा. ओढ्याकाठचं तिचं शेत नवसूच्या बांधाला लागून होतं. हे सगळ्यांना ठाऊक, पण देवीपुढे तोंड कोण उघडणार?

सकाळी माणसं काठ्या घेऊन तिच्या दारात गेली. बुधी म्हणाली, "जाते. पण देवीनं येकदा माझ्याम्होरं नाचून सांगावं." मग तिनं आपल्या चुलीचा धोंडा उपटला आणि खळ्यात आणून ठेवला. घरच सुटतंय तर चूल कशाला, असं लोकांना वाटलं.

नवसू नाचला. मान लटलटत होती, अंग थरथरत होतं. सात फेरे झाले आणि सातही वेळा पाऊल धोंड्याला वळसा घालून गेलं.

"देवी गं," बुधी म्हणाली, "तुला भान नाय म्हणतात. मंग माझा धोंडा बरा दिसतो तुला?"

आधी सांबळ थांबला, मग काठ्या खाली आल्या. बुधी राहिली. चुलीला तिनं दुसरा धोंडा आणला, हा इथंच ठेवला. त्यावरचा काळा डाग तिच्या चुलीच्या काजळीचा, असं म्हणतात. मला तर ते शेवाळ वाटतं.

तेव्हापासून मुखवट्याआडून कोणी कुणाचं नाव घेत नाही. आजही नाच संपला की म्हातारी माणसं आधी नाचणाऱ्याचे अंगठे बघतात. ठेच लागून रक्त आलेलं असलं तर त्याच्या पाया पडतात. नसलं तर भाकरी वाढून घरी पाठवतात.

मी बावीस वर्षं तो मुखवटा घेतला. हे बघा माझे अंगठे. बावीस वर्षं मी भाकरी खाऊन घरी गेलो.