म्हाळसेनं न मारलेला शिक्का

फार फार वर्षांपूर्वी, डोंगराआडच्या एका राज्यात एक मोठा दफ्तरखाना होता. राज्यातले सगळे जुने कागद तिथं जपून ठेवलेले असत. ज्या कागदावर दफ्तरखान्याचा शिक्का, तो खरा, असं लोक डोळे मिटून मानत.

दफ्तरखाना सांभाळणारे निंबाजी गुरुजी आता थकले होते. म्हाळसा आणि भिवा त्यांच्या हाताखाली काम शिकत होते. कागदाला वाळवी लागू न देणं दोघांनाही जमलं होतं. पण गुरुजी म्हणत, "वाळवी काय, कुणीही हाकलेल. कागद खरं बोलतोय की खोटं, ते ओळखा. कुणी लिहिला, कधी लिहिला, कशासाठी लिहिला आणि इतके दिवस होता कुठं, हे विचारल्याशिवाय शिक्क्याला हात लावू नका."

पुढे गुरुजींनी शिक्का म्हाळसेच्या हाती दिला. आठव्याच दिवशी प्रधान एक पिवळट कागद घेऊन आला.

"शंभर वर्षांपूर्वीच्या राजानं नवेगावची जमीन माझ्या पणजोबांना इनाम दिली होती. हे बघ पत्र. मार शिक्का. कुंभारांना तिथून उठवायचंय."

नवेगावात कुंभारांची साठ घरं होती. तिथल्या मातीवरच त्यांचं पोट होतं.

म्हाळसेनं पत्र दोनदा वाचलं. त्यात नवेगावचं नाव स्पष्ट लिहिलं होतं. मग तिनं जुनी दफ्तरं काढली. तीन दिवसांनी तिला महापुराची नोंद सापडली. नदीनं कुंभारांचं जुनं गाव गिळलं, तेव्हा राजाच्या आजोबांनी त्यांना ओढ्याअलीकडची जमीन दिली आणि त्या वस्तीला नवेगाव नाव ठेवलं. ही गोष्ट होती चाळीस वर्षांपूर्वीची!

तरी ती स्वतः नवेगावात गेली. म्हाताऱ्या माणसांनी पूर डोळ्यांनी पाहिला होता. त्यांनी तेच सांगितलं.

निघताना कुंभारांच्या म्होरक्यानं हळूच एक कागद पुढे केला. "ताई, हाही घ्या. ओढ्यापलीकडचं गायरानसुद्धा आमचंच, असं लिहिलंय यात."

म्हाळसेनं कागदावर बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"दादा, शाई अजून वाळली नाही."

"मग काय झालं? तो खोटा कागद आणतो, आम्ही का आणू नये? तुम्ही आमच्या बाजूच्या ना?"

"तुमची घरं राहावीत असं मलाही वाटतं. पण हा कागद मी ठेवला, तर तुमचा खरा कागदही उद्या कुणी मानणार नाही."

म्होरक्या पाठ फिरवून निघून गेला. म्हाळसा एकटीच दरबारात आली. राजानं प्रधानाबरोबर गुरुजींना आणि भिवालाही बोलावून घेतलं होतं.

"महाराज, महापुराच्या नोंदीप्रमाणे शंभर वर्षांपूर्वी नवेगाव नव्हतंच. हे पत्र खोटं आहे."

प्रधान ओरडला, "महाराज म्हणतील ते खरं!"

"महाराजांच्या म्हणण्यानं माझं डोकं उडेल," म्हाळसा म्हणाली, "पण शंभर वर्षांपूर्वी नसलेलं गाव उभं राहणार नाही. मी शिक्का मारणार नाही."

राजा संतापला. त्यानं तिला शिपायांच्या ताब्यात दिलं आणि शिक्का भिवाच्या हातात ठेवला. भिवा मोठा भित्रा. तरी त्यानं आधी पत्र मागून घेतलं. त्यानं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं आणि विचारलं, "प्रधानजी, हे इतके दिवस होतं कुठं?"

"तू फक्त शिक्का मार!" प्रधान खेकसला. भिवानं शिक्का खाली ठेवला आणि तो म्हाळसेशेजारी जाऊन उभा राहिला.

राजा गुरुजींवर कडाडला, "या दोघांना उद्धटपणा शिकवलात?"

"नाही महाराज. वाचायला शिकवलं. आपणही वाचून पाहावं."

राजानं महापुराची नोंद मागवली. खाली आजोबांची सही होती. ती त्याला चांगली ओळखू आली. त्यानं प्रधानाचं पत्र बाजूला सारलं.

प्रधानाचं पद गेलं. म्हाळसा सुटली. ओढ्याअलीकडची जमीन कुंभारांकडे राहिली आणि पलीकडचं गायरान सगळ्यांच्या गुरांना मोकळं राहिलं. काही दिवसांनी म्होरक्या खाली मान घालून दफ्तरखान्यात आला. "ताई, कागद कसा पारखायचा, ते आम्हालाही शिकवा." म्हाळसेनं त्याला बसायला पाट दिला.

तात्पर्य: कागदाला प्रश्न विचारायला जो भितो, त्याच्या हाती कोणताच कागद सुरक्षित नसतो.