राणीने ओंजळ पसरली

एका राज्यात मृगांकलेखा नावाची राणी राज्य करीत होती. लढाईत तिचा खांदा चिरला, तेव्हा दुर्जट मांत्रिकाने तिला निळं आसव पाजलं. वेदना पळाली, पण प्याल्यागणिक राणीच्या मनातला एकेक चेहरा पुसला जाऊ लागला. प्रधानाचा चेहरा गेला, जन्मदात्या आईचा गेला, तरी प्याला सुटेना. एके सकाळी पोटची लेक शाल्मली समोर उभी राहिली, आणि ही मुलगी कोण हे राणीला चटकन आठवेना.

तिने खिडकीतल्या साळुंकीला उपाय विचारला.

साळुंकी म्हणाली, "आसवाचा रांजण स्वतः फोड. हाकांचं रान न थांबता ओलांड. पलीकडच्या विहिरीचं पाणी पी."

राणीने उभ्या पावली रांजण फोडला. रानातली झाडं गोड आवाजात प्याल्याकडे बोलवू लागली. अंगाला कापरं भरलं, घशाला कोरड पडली, पण दातओठ खाऊन ती चालत राहिली. विहिरीशी मात्र घोडं अडलं. किती वेळा सोडला तरी पोहरा रिकामाच वर येई. काठावर एक दाढीवाला बसला होता. त्याने सांगितलं की हे पाणी दुसऱ्याने ओतावं लागतं, आणि ते तोंडाने मागावं लागतं.

आता आली का पंचाईत! त्या राज्यात राजाचा हात द्यायला पुढे होई, मागायला कधीच नाही. राणी ताठ उभी राहिली. मागून रान बोलवतच होतं, आणि शाल्मलीचा चेहरा पुसट होऊ लागला. तशी ती गुडघ्यांवर बसली आणि तिने ओंजळ पसरली.

"मला एकटीला जमत नाही. मदत करा."

त्याने पाणी ओतलं. राणी प्याली आणि आसवाची जादू तुटली. तिकडे दुर्जटाची विद्या आटली, इकडे चेहरे परतले. लेक आठवली, आई आठवली, आणि समोरचा माणूसही. तो तिचाच सेनापती वीरबाहू. याच आसवापायी त्याचा चेहरा विसरून तिने त्याला परका म्हणून हद्दपार केलं होतं. राणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी तुला हाकललं. तरी तू पाणी ओतलंस?"

"महाराणी, मीही तेच आसव प्यालो होतो. मी इथे आलो तेव्हा मलाही कुणीतरी ओतलं होतं."

राणीने त्याला मानाने परत आणलं आणि आसवापायी घालवलेल्या सगळ्यांना घरी बोलावलं. तलफ काही लगेच गेली नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तेव्हा राणी भर दरबारातून उठली आणि आपण विहिरीवर निघालो असं तिने सर्वांना सांगितलं.

शाल्मली तिच्यामागे उठली.

"आईसाहेब, आज मी ओतते."