हरबा चिंचमळ्याचं घर पारखतो

नदीकाठच्या एका गावात, तांबट आळीत, एक भोळा तांबट राहायचा. हरबा त्याचं नाव. त्याने ठोकलेला हंडा तीन पिढ्या टिकायचा. हातात हातोडी असेपर्यंत हरबा शहाणा. हातोडी खाली ठेवली की संपलं. आळीतली माणसं म्हणायची, देवाने याचं डोकं बाहेरून छान ठोकलं, पण आत काही घालायचं राहून गेलं.

हरबाची बायको अनसा. तिला मुलगी झाली होती. मुलगी अठ्ठावीस दिवसांची होती आणि एवढ्या दिवसांत दुपारची एकदाही नीट झोपली नव्हती. झोपणार कशी? आळीत सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ठाणठाण चाललेली. जरा डोळा लागला की शेजारी घंगाळावर घाव पडायचा आणि पोर दचकून टाहो फोडायची. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

नदीपलीकडे चिंचमळा नावाची नवी वसाहत झाली होती. तिथे चिंच नव्हती आणि मळाही नव्हता. एका रंगाची आठ घरं रांगेत उभी होती. तिथे राहायला गेलेली माणसं गावात आली की नाकाला रुमाल लावायची, जशी काही ती विलायतेत जन्मली होती. त्यांतलं दोन खोल्यांचं एक घर अण्णा धायगुडे भाड्याने देणार होते. "गुरुवारपर्यंत सांगा," ते म्हणाले, "नाहीतर दुसऱ्याला देतो."

अनसाचा जीव टांगणीला लागला. तिथे शांत आहे म्हणतात. पोर झोपेल. पण पाण्याचं काय? दुकान कुठे? शेजार कसा? स्वतः जाऊन बघावं, तर सव्वा महिना होईपर्यंत बाळंतिणीने उंबरठा ओलांडायचा नाही ही आळीची रीत. मग घरात पाठवण्यासारखी दोनच माणसं उरली. एक हरबा आणि दुसरी ती अठ्ठावीस दिवसांची मुलगी. मुलीला चालता येत नव्हतं, म्हणून अनसाने हरबाला पाठवलं.

"अहो, चिंचमळ्याचे फायदे-तोटे नीट बघून या," ती म्हणाली.

रविवारी हरबा गेला. संध्याकाळी आला.

"बघितले?"

"बघितले."

"कोणते?"

"कोणते म्हणजे?"

"अहो, फायदे कोणते, तोटे कोणते?"

"ते लक्षात ठेवायला कुठे सांगितलं होतंस? बघायला सांगितलं होतंस. मी बघितले आणि आलो."

अनसाने कपाळाला हात लावला. "तुमच्या डोक्यात राहणार नाही हे मलाच कळायला हवं होतं. हे बघा, एखादी गोष्ट चांगली दिसली की एक खडा उचलायचा आणि उजव्या खिशात टाकायचा. वाईट दिसली की डाव्या खिशात. कळलं?"

"कळलं. खडे उचलायचे."

सोमवारी हरबा गेला. घरात ऊन छान येत होतं, उजव्या खिशात खडा टाकला. कुठेच ठाणठाण नव्हती, आणखी एक टाकला. शेजारच्या बाईने गूळपाणी दिलं, तिच्या नावाचा चांगला मोठा टाकला. नळाला पाणी एक दिवसाआड येतं असं कळलं, तो खडा डाव्या खिशात गेला. दुकान लांब, तोही डाव्या खिशात. असं करत करत उजव्या खिशात नऊ झाले आणि डाव्यात चार. हरबा खूश होऊन निघाला. तेवढ्यात कोपऱ्यावरची कुत्री भुंकत अंगावर आली.

घरी आला तेव्हा त्याचा उजवा खिसा रिकामा होता.

"फायदे कुठे गेले?" अनसाने विचारलं.

"कुत्र्यांना मारले. गूळपाण्याचा होता तो बरोबर बसला."

"आणि डाव्या खिशात?"

"तोटे आहेत की. चारच्या चार."

"म्हणजे चिंचमळ्याला नुसते तोटेच?"

"आता नुसते तोटेच," हरबा म्हणाला. "सकाळी फायदे जास्त होते."

शेजारची गोदूमावशी दारातून ऐकत होती. ती म्हणाली, "अनसे, तू बाळंतीण झालीस ती एकाची. वाढवायची आहेत दोन."

अनसा दात-ओठ खाऊन म्हणाली, "अहो, कुत्र्यांना दगड मारू नयेत. अंगावर कुणी आलं की जागच्या जागी उभं राहायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही. ते वास घेतं आणि आपल्या वाटेने निघून जातं."

"बरं. तसंच करतो."

मंगळवारी हरबा गेला. कुत्री झोपली होती. अण्णा धायगुडेच लांबून हात हलवत आले. "काय हरबा, ठरलं का मग?"

हरबा जागच्या जागी उभा राहिला.

"अहो, तुम्हाला विचारतोय. घर घेताय ना?"

हरबाने पापणीही हलवली नाही. अण्णा त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. अण्णांना तपकिरीची सवय. त्यांनी चिमूट नाकात घालून जोरात ओढली. हरबाला बरं वाटलं. वास घेऊन झाला, आता जातील.

आणि अण्णा खरोखरच गेले. "भाड्याने राहायचं आणि मिजास राजाची," म्हणत गेले.

हरबाने घरी येऊन सांगितलं, "तू म्हणालीस ते अगदी खरं निघालं. जराही चावले नाहीत."

अनसाला रडावं की ओरडावं कळेना. मांडीवर पोर रडतच होती, म्हणून ती ओरडली. "अहो, ते घरमालक आहेत! माणूस आला की हसावं. या, बसा म्हणावं. घराबद्दल चार चांगले शब्द बोलावेत."

"मग आधी तसं सांगायचं. उद्या तसंच करतो."

बुधवारी हरबा चिंचमळ्याच्या घरापाशी पोचला, तर दवाखान्यातला कंपाउंडर आणि त्याची बायको तेच घर बघायला आले होते. हरबा हसला. "या, या. बसा," म्हणाला.

"आम्ही आपलं सहज बघायला आलोय," कंपाउंडर नाक मुरडत म्हणाला. "गावापासून लांबच पडतं."

"लांब आहे म्हणून तर शांत आहे," हरबा म्हणाला. "ऊन बघा कसं येतंय. वारा बघा. शेजारीण गूळपाणी देते. लहान मूल इथे दुपारभर झोपेल." कंपाउंडरची बायको पोटुशी होती. हरबाने तिला हौसेने पाळण्याची जागासुद्धा दाखवली.

दोघंही तडक अण्णांकडे गेली आणि आम्हालाच घर द्या म्हणाली.

हरबाने हे घरी येऊन सांगितल्यावर अनसाने रडणाऱ्या पोरीकडे बघितलं. मग म्हणाली, "ती पाळण्याची जागा माझ्या पोरीची होती हो."

हरबाने मान खाली घातली. तो वाईट नव्हता. वाईट व्हायलाही थोडी अक्कल लागते.

"आता एवढं तरी ऐका," ती म्हणाली. "कुणी घर बघायला आलं की दोष सांगायचे. एकूण एक दोष. चांगलं अक्षर तोंडातून काढायचं नाही."

"नाही काढणार."

अनसाने गोदूमावशीच्या हाती अण्णांना निरोप पाठवला. पोर झोपत नाही, घर आम्हालाच हवंय, यजमान जरा साधे आहेत, मनावर घेऊ नका. अण्णांनी उलट कळवलं, "उद्या येतो. भाडेकरू घर कसं ठेवतो ते डोळ्यांनी बघतो आणि मग ठरवतो."

गुरुवारी सकाळी अण्णा आले. अनसा आत पोरीला पाजत होती. हरबा पुढे झाला.

"तुमचं घर बघायला आलोय," अण्णा म्हणाले.

"बघा. पण घरात काही अर्थ नाही," हरबा म्हणाला. "ही भिंत काळी झालीय ती आमच्याच धुराने. या फरशीवर माझीच हातोडी पडली आणि ती फुटली. बायको रागीट आहे."

"अहो, काय बोलताय!" आतून अनसा किंचाळली.

"बघा, आवाजही मोठा आहे. पोर दिवसभर रडते. आणि मी स्वतः मूर्ख आहे. मला वाटत नाही, पण सगळी आळी म्हणते."

तेवढ्यात शेजारी घाव पडला आणि पोर दचकून रडायला लागली. तो बसलेला आवाज अण्णांनी ऐकला. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि हरबाच्या हातावर ठेवली. "चाळीस वर्षं भाडेकरू बघतोय. फुटलेली फरशी आपण फोडली म्हणणारा पहिलाच भेटला. कंपाउंडर गोड बोलतो, मला गोड बोलणारे नकोत. घर तुमचं. संध्याकाळी मी तिथे येतो, एकदा बघून घ्या आणि हो म्हणा."

अनसाच्या डोळ्यांत पाणी आलं. पाच दिवसांत नवऱ्याच्या हातून पहिल्यांदा काही नीट झालं होतं, तेही चुकून. आता फक्त घर एकदा तपासायचं आणि हो म्हणायचं. या खेपेला तिने फार विचार केला. याला दुसरं काही कळत नाही, मग याला कळतं तेच सांगावं.

"अहो," ती म्हणाली, "गिऱ्हाइकाला देण्याआधी तुम्ही हंडा कसा पारखता, तसं ते घर पारखा. कुठे गळत नाही ना, बघा. बाकी काही करू नका."

हरबाचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणाचं बोलणं मुळापासून कळलं होतं. तो हातोडी घेऊन पळतच सुटला.

सूर्य मावळायला तो परत आला. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला, पण चेहऱ्यावर समाधान.

"पारखलं?" अनसाने विचारलं.

"अगदी हंड्यासारखं. आधी सगळ्या भिंती ठोकून आवाज ऐकला. मग मोरीत बोळा कोंबला, दाराच्या फटी आतून मातीने लिंपल्या, नळ सोडला आणि खिडकीतून बाहेर आलो. आज पाण्याचा दिवस होता. आठ घरांची एकच टाकी, ती सगळी रिकामी झाली. गुडघ्याच्या वर भरलं."

अनसाने पोरीला उचलून छातीशी धरलं.

"चार तास बाहेर बसून बघितलं. भिंतीतून थेंब नाही! घर एकदम पक्कं. मग अण्णा आले आणि त्यांनी दाराची कडी काढली. तेव्हा कळलं की तिथे गळतं. सगळं पाणी तिथूनच आलं. अण्णाही त्याच्याबरोबर कोपऱ्यावरच्या कुत्र्यांपर्यंत गेले."

"किल्ली?" अनसाने कसंबसं विचारलं. "किल्ली कुठाय?"

"ती अण्णांनी काढून घेतली आणि कंपाउंडरला दिली," हरबा म्हणाला. "पण तू काळजी करू नकोस. मी काही त्या बिचाऱ्याला फसू दिलं नाही. सांगून आलोय, घरात दाराएवढं भोक आहे, तेवढं मी उद्या येऊन तांब्याचा पत्रा झाळून बुजवतो, मगच बायकोला आत ने."