न चालणाऱ्या घाण्याची पट्टी

श्रीअवचितनाथ महाराज त्या साली बाभूळखेड्यास भैरवाच्या ओवरीत उतरले होते. दर्शनाला गाव लोटे. कोणी नारळ आणी, कोणी नुसतेच गाऱ्हाणे आणी. गाऱ्हाणी नारळांपेक्षा नेहमीच अधिक भरत. भक्तजनहो, महाराजांना दोन्ही सारखीच गोड!

एका बाजारच्या दिवशी सकाळीच लखमा तेली देवळात आला आणि प्रदक्षिणा घालू लागला. पाच झाल्या, अकरा झाल्या, एकवीस झाल्या, तरी गडी थांबेना. महाराज म्हणाले, "लखमा, देवाभोवती फिरतोस की कुणापासून पळतोस?"

लखमाचे पाय थांबले. "महाराज, आज दुपारी माझा बैल आन् घाणा लिलावात जातोय. घाणापट्टी थकली. तीन रात्री पाठ टेकली न्हाई. बसलो की वाटतं उठावं, उठलो की वाटतं कुठं जावं?"

"किती थकली?"

"पंचेचाळीस रुपये म्हणत्यात."

"म्हणतात? कागद आला असेल ना?"

"सात आले," लखमा म्हणाला. "देव्हाऱ्यात ठेवलेत. मला वाचता येत न्हाई. रोज हळदकुंकू वाहतो, देवा तूच बघ म्हणतो."

महाराज इतके हसले की ओवरीतली कबुतरे उडाली. "अरे, देवाला बेल वाहावा, तू तगादे वाहिलेस! आण ते."

कागद आले. हळदीने पिवळे, तुपाने पारदर्शक. महाराजांनी एक पुसून वाचला. घाणे दोन, दर घाण्यास सालाला सहा रुपये, तीन सालांचे छत्तीस, वर दंड नऊ. खाली एक ओळ होती : हरकत असल्यास समक्ष येऊन सांगावी.

"घाणे दोन?"

"एकच चालतो, महाराज. दुसऱ्या घाण्याचा बैल तीन सालांमागं रोगात गेला. तवापासून तो उभाच हाय."

"मग हरकत सांगितलीस?"

"देवाला सांगितली की."

"देव चावडीवर कारकून आहे काय?" महाराज म्हणाले. "लेका, वाट सात वेळा तुझ्या दारात आली आणि सातही वेळा तू तिच्यावर हळद टाकलीस. चल, आम्हीही येतो."

लखमाच्या दारात चावडीचे कारकून विसूपंत पगडी सावरीत उभेच होते. बैल सोडलेला, लखमाची बायको तान्हाई त्याच्या गळ्याला मिठी मारून उभी. महाराजांना पाहून पंतांनी नमस्कार केला, पण मान वाकवली नाही. तेवढी काटकसर त्यांना जमत असे.

"काय लखमाशेठ, वकील आणलात? सात कागदांची पूजा बांधली म्हणे! आता आरती आमची."

महाराजांनी लखमाच्या पाठीवर हात ठेवला. "मला नको, यांना सांग."

लखमा पुढे झाला. "पंत, माझी हरकत हाय. घाणा एकच चालतो. त्याचे अठरा मी देणं लागतो. दरसाल सहा घेऊन आलो, तर तुम्ही म्हणालात, सगळे आण न्हाईतर काहीच नको."

"पाहणीत दोन चालू लिहिलेत."

"पाहणी केव्हा केली?" महाराजांनी विचारले.

पंत गडबडले. खरे असे की, पाहणी चावडीच्या ओट्यावरच होई. मागल्या साली दोन, म्हणजे यंदा दोन. त्याच्या मागल्या सालीही तसेच. अशा वहीत मेलेला बैलसुद्धा चारा खातो!

"हवे तर आता दाखवतो!" असे म्हणत पंत तावातावाने परसात शिरले. दुसऱ्या घाण्याच्या उखळात कोंबडी अंड्यांवर बसली होती.

"तान्हाई, तिला अंड्यांसकट अलगद उतरव," महाराज म्हणाले. "तिच्यावर अजून पट्टी बसलेली नाही."

महाराजांनी उखळात मूठभर तीळ टाकले. पंतांनी दांड्याला हात घालून ढकलले. लाट, म्हणजे उखळातला लाकडी सोट, करकरत फिरली. "बघा! चालू आहे!" पंत ओरडले, आणि हात काढू लागले. हात निघेना! दांडा पुढे, पंत मागे. उपरणे गळाले, पगडी कानावर आली.

"महाराज, हात सुटेना!"

"घाणा चालू आहे ना? मग तेल पडले की सुटेल."

पंत फिरत राहिले. किती फेरे झाले यावर एकमत नाही. तेलीआळी दोनशे सांगते, चावडी चाळीसच्या वर जात नाही. शेवटी पंतांच्या डोळ्यांतून पाणी आले, पण घाण्यातून काही येईना.

"विसूपंत, तेल किती निघाले?"

पंतांनी वाकून उखळात पाहिले. तीळ जसेच्या तसे होते, एकही दाणा फुटला नव्हता! "थेंबही नाही, महाराज," ते पुटपुटले, आणि तत्क्षणी हात सुटला.

"मग तसेच लिहा," महाराज म्हणाले.

पंतांनी तिथेच बसून लिहिले. बंद घाण्याचे अठरा वजा, दंड माफीची शिफारस, लिलाव रहित. राहिले अठरा. "हे मात्र सुटणार नाहीत," महाराजांनी लखमाला बजावले. "खरे देणे देवही माफ करत नाही. दर बाजारी एक रुपया, आणि दर रुपयाला पावती." तान्हाईने बैल पुन्हा दावणीला बांधला. लखमा ओट्यावर बसला. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्याला बसता आले.

अठराव्या बाजारी शेवटची पावती द्यायला पंत स्वतः घरी आले. लखमाने ती देव्हाऱ्याकडे नेताच तान्हाईने हिसकावली. "ही खुंटीला राहू दे, हाताशी!"

पंत मात्र परसात गेले. महाराज केव्हाच गाव सोडून पुढे गेले होते, म्हणून पगडी काढून त्यांनी त्या बंद घाण्यावरच कपाळ टेकले. उखळात कोंबडी पुन्हा बसली होती. तिने टकलावर टचकन चोच मारली.

पंत हात जोडून म्हणाले, "पाहिले हो, बाई, पाहिले!"