घळीचा राखणदार

डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात एक म्हातारे कासव राहत असे. त्याचे बिऱ्हाड वरच्या माळावर, एका डबक्याच्या काठी. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. त्या उन्हाळ्यात डबके आटले. आधी कडेचा चिखल तडकला, मग मधला. पाणी उरले ते खाली तळ्यात, आणि तळ्याकडे उतरणारी वाट एकच : दोन कातळांमधली अरुंद घळ. अंधार पडला की तळे वाघाचे. म्हणून बाकीच्यांनी दिवस मावळायच्या आत पाणी पिऊन परतायचे, ही जुनी रीत होती.

घळीत सावली होती, वारा होता. उन्हातून आलेला जो तो तिथेच बूड टेकायचा आणि मागच्यांची वाट अडायची. गर्दीत पिल्ले चेंगरू लागली. तेव्हा जंगलाच्या पंचांनी नियम केला. घळीत कोणी बसायचे नाही, थांबायचे नाही. जो थांबेल त्याने वरच्या तोंडाशी परत जायचे आणि पुन्हा पहिल्यापासून उतरायचे. मुलांनो, नियम चांगला होता. हे आताच ध्यानात ठेवा, कारण पुढे जे बिघडले त्याचा दोष नियमाच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

नियम राखायला कोल्हा नेमला. पंचांची प्रमुख एक वयस्क हत्तीण होती. मोबदला तिने ठरवला : कोल्हा ज्याला ज्याला परत पाठवील, त्याच्यामागे त्याला एक खेकडा. खेकडा बगळ्याने तळ्यातून काढून द्यायचा.

सुरुवातीला कोल्हा घळीच्या मध्यावर, सगळ्यांना दिसेल असा बसला. कोणी टेकू लागले की तो म्हणे, पुढे व्हा. ते पुढे होत. घळ मोकळी राहिली आणि कोल्हा उपाशी राहिला. बगळ्याने विचारले, आज कोणाला माघारी धाडलेस? कोणालाच नाही. मग खेकडाही नाही. कोल्हा मूर्ख नव्हता. त्याने जागा बदलली. करवंदीच्या जाळीमागे तो दबून बसू लागला आणि सांगणे सोडून दिले. भेकर खुरात रुतलेला काटा काढायला पळभर थांबले की जाळीतून कोल्ह्याची उडी आलीच. रानडुकरीण मागे राहिलेल्या पिल्लासाठी वळून उभी राहिली, तीही माघारी. खेकड्यांच्या नांग्यांचा ढीग जाळीमागे वाढू लागला.

आणि गवा? रोज दुपारी एक धिप्पाड गवा घळीत आडवा पसरून रवंथ करी. त्याच्या शेजारून जेमतेम वाट उरे. कोल्हा त्याच्याजवळून शेपूट आवरून जाई. भीती होतीच, पण नुसती भीती नव्हती. गवा पसरला की मागचे थांबत, आणि थांबले की ते कोल्ह्याचे. त्याला उठवणे म्हणजे स्वतःच्या हाताने आपले ताट ढकलणे. खरा अडवणारा निवांत घोरत होता आणि त्याच्यापायी अडलेले उन्हात परत जात होते.

अशा दिवसांत कासव घळीत उतरले. पहाटे निघालेले ते, दुपारी निम्म्यावर आले. जाळीतून कोल्हा ओरडला. आता, ओरडले की कासव पाय आत घेते. त्यात त्याचा इलाज नाही, ती त्याची जातच आहे.

"थांबलास," कोल्हा म्हणाला.

"चाललो होतो रे," पाठीच्या आतून कासव म्हणाले.

"पाय कुठं आहेत?"

पाय आत होते. कासव माघारी वळले. वरच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत ऊन कलले होते, आणि पुन्हा उतरावे तर वाटेतच अंधार झाला असता.

दुसऱ्या दिवशी तेच झाले. तिसऱ्या दिवशीही तेच. कोल्ह्याला उमगले की या गिऱ्हाइकासाठी उडी मारायचीही गरज नाही. जाळीत पडल्या पडल्या एक आरोळी ठोकली की खेकडा पक्का. कासवाच्या मानेची कातडी सुकून भेगाळली. जीभ टाळूला चिकटू लागली. वाटेत भेटलेल्या सायाळीने सल्ला दिला की कोल्ह्याशी गोड बोलावे. कासवाने मान हलवली. त्याला कोल्ह्याची मेहरबानी नको होती, पाणी हवे होते. घळ आणखी एकदा उतरण्याइतके बळ अंगात उरले असेल-नसेल, एवढे त्याला कळत होते. ते बळ त्याने घळीत खर्चले नाही. कासव हत्तिणीकडे गेले.

हत्तिणीला घळीची हालत ठाऊक नव्हती. हत्तींची वाट डोंगराच्या पलीकडून होती. घळीत ते मावत नाहीत. बगळा रोज संध्याकाळी तिला कोल्ह्याच्या खेकड्यांची खबर देई, आणि खेकडे वाढले तशी ती कोल्ह्यावर खूश होत गेली. कासवाचे गाऱ्हाणे ऐकून तिने कपाळाला आठी घातली.

"कोल्हा रोज इतक्यांना परत पाठवतो. याहून चोख राखण कोणती?"

कासवाने मान शक्य तितकी बाहेर काढली. "थोरल्याबाई, एकच विचारतो. ज्या दिवशी घळीत कोणीच थांबणार नाही, त्या दिवशी कोल्हा काय खाईल?"

हत्तिणीचे हलणारे कान थांबले. मग तिने कासवाला सोंडेने अलगद उचलले आणि डोंगराला वळसा घालून घळीच्या वरच्या कातळावर आणले. कासवाला तिने खाली घळीतल्या वाटेवर सोडले आणि स्वतः वरून पाहत उभी राहिली.

तिला सगळे दिसले. गवा पसरला. भेकर त्याच्यामागे अडले. कोल्हा गव्याला वळसा घालून भेकराच्या अंगावर आला. मग कासव दिसताच त्याने आरोळी ठोकली, आणि चालते कासव दगडासारखे जागीच बसले.

हत्तिणीने कोल्ह्याला समोर बोलावले. कोल्हा डगमगला नाही. थांबलेल्यालाच आपण परत पाठवले, नियमाबाहेर केसभर गेलो नाही, असे त्याने ठासून सांगितले. ते खोटे नव्हते. गव्याचे काय, असे विचारल्यावर मात्र तो जमिनीकडे पाहू लागला.

जमलेल्या प्राण्यांना तोंड फुटले. वानर म्हणाले, नियमच काढून टाका. रानडुकरीण म्हणाली, कोल्ह्याला हाकला, नाहीतर मी त्याला सुळ्यावर घेते. हत्तिणीने दोघांचेही ऐकले नाही. नियम काढला तर पिल्ले पुन्हा चेंगरतील. कोल्हा हाकलला तर त्याच मोबदल्यावर दुसरा येईल आणि तोही कोल्हाच होईल. "चूक माझी आहे. मी याला भलत्या गोष्टीचे खायला घातले," असे ती सर्वांदेखत म्हणाली, आणि तिने मोबदला फिरवला. परत पाठवण्याचे आता काही मिळणार नाही. आधी तोंडाने सांगायचे. सांगून ऐकले नाही तरच माघारी. आणि ज्या संध्याकाळी तिन्हीसांजेपर्यंत घळ वाहती राहिलेली बगळ्याला खालून दिसेल, त्या संध्याकाळी पोटभर खेकडे.

"आणि गवा उठला नाही तर?" कोल्ह्याने विचारले.

"तर उपाशी."

कोल्हा गव्यापाशी गेला. जाताना चार वेळा थांबला, पण गेला. लांबूनच हात जोडून म्हणाला, "आप्पा, इथं वाट अडते. त्या कातळामागं करंजाची सावली आहे. भुईही गार आहे."

गव्याने एक डोळा उघडला. "मी वाटेत पडतो हे मला आजवर कोणी सांगितलंच नाही," असे म्हणून तो उठला, अंग झाडले आणि करंजाखाली जाऊन पसरला. एवढेच होते ते. एवढ्यासाठी कित्येकांनी उन्हाळाभर फेऱ्या मारल्या होत्या.

घळ मोकळी झाली. आत उरले ते फक्त कासव. ते पायाखाली येईल म्हणून, ते पार झाल्याशिवाय मागची रांग सरकेना, आणि रांग सरकल्याशिवाय खेकडे नाहीत. वरून वानरांनी हुर्यो केली तेव्हा कोल्हा त्यांच्याकडे धावला आणि हलक्या आवाजात विनवू लागला की गलका करू नका, ते पाय आत घेईल. मग कासवाच्या शेजारी येऊन, बोटभर मागे राहून, तो चालू लागला.

"चला कासवदादा. सावकाश. कसली घाई नाही."

कासवाने त्याच्याकडे पाहिले नाही. ते आपल्या चालीने उतरले, तळ्याच्या काठाशी आले आणि मानेपर्यंत पाण्यात शिरले.

तात्पर्य : ज्याचे पोट दुसऱ्यांच्या चुकांवर भरते, तो चुका कधी सरू देत नाही. राखणदाराला दंडाचे नव्हे, मोकळ्या वाटेचे खायला घालावे.