धुळाच्या पोराचं बारसं

माणदेशात एका गावी एक भोळा घोंगडीवाला राहायचा. त्याचं नाव धुळा. घोंगडी विणावी तर त्यानंच, पण घोंगडीच्या पलीकडं त्याची अक्कल कधी गेली नाही. सांगाल ते करायचा. सांगाल तेवढंच करायचा. तिथंच तर सगळा घोटाळा होता.

लग्नाला बरीच वर्षं झाली तेव्हा कुठं त्याच्या घरी पाळणा हलला. मुलगा झाला. बायको यसू आनंदानं वेडी व्हायची बाकी होती, पण तिला एक घोर लागला होता. नवऱ्याला अख्खं गाव हसायचं. लेकाला तरी कुणी हसू नये, त्याला चारचौघांत शोभेल असं नाव मिळावं, एवढंच तिचं म्हणणं. ती बाळंतीण, घराबाहेर पडायची सोय नाही. मग धाडणार कुणाला? धुळालाच.

"अवं, बाळासाठी नाव शोधून आणा," यसू म्हणाली. "चांगल्या अर्थाचं आणा. ऐकलं की तोंड गोड झालं पायजे."

धुळा सरळ वाण्याच्या दुकानात गेला. "शेट, तोंड गोड करणारं काय हाय?"

"गूळ," वाणी म्हणाला.

धुळा तसाच माघारी आला. "सापडलं. पोराचं नाव गूळ."

यसूनं कपाळाला हात लावला. "अवं, गूळ खाल्ला की संपला. नाव कसं टिकाऊ पायजे. वाडवडलांपासून घरात चालत आलेलं."

"मग असं सांगायचं की आधी," धुळा म्हणाला आणि घर धुंडाळायला लागला. माळ्यावर चढला. कणगीमागं डोकावला. शेवटी कोपऱ्यात त्याला जातं दिसलं. त्यावर पणजीनं दळलं, आजीनं दळलं, आईनं दळलं. तो घाम पुसत बाहेर आला.

"पोराचं नाव जातं. सगळ्या पिढ्यांनी वापरलंय, अजून टवका उडाला न्हाई."

"उद्या शाळेत गुरुजी म्हणतील, जात्या, उभा राहा. पोरगं तोंड दाखवंल का कुणाला?" यसू म्हणाली. "असलं कुणी ठेवतं का? सगळ्यांच्या तोंडात असलेलं नाव आणा. पाणवठ्यावर जा, बायका पोरांना काय हाका मारतात ते ऐका."

धुळा पाणवठ्यावर जाऊन बसला. बायका धुणं धुवत होत्या, पोरं चिखलात लोळत होती. धुळानं कान देऊन ऐकलं आणि हसत हसत घरी आला.

"यसू, आता मात्र पक्कं. मेल्या."

"काय?"

"मेल्या. लई चालतंय बघ हे नाव. 'मेल्या, घरी ये.' 'मेल्या, पाण्यात जाऊ नको.' एका बाईनं हाक मारली की सगळी पोरं वळून बघतात."

यसूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. उद्यावर बारसं आलेलं आणि बाप लेकाला मेल्या म्हणत होता. तिनं बाळाला उराशी धरलं.

"आता तुम्ही काय शोधू नका," ती म्हणाली. "नाव ठेवायचा मान आत्याचा. आक्कांना घेऊन या. त्यांचं येणं झालं न्हाई तर नाव तरी घेऊन या. आणि ते नाव फुटू देऊ नका. शेजारच्या रखमीकडं पण उद्याच बारसं हाय, ती कान लावून बसलीय. आपलं नाव कळलं की आधी ठेवून मोकळी होईल. बाळाच्या कानात सांगायचं, दुसऱ्या कुणाला न्हाई. आक्कांना शपथ घाला पायजे तर."

धुळाची थोरली बहीण आक्का डोंगरापलीकडं राहायची. नेमका तिचा पाय मुरगळलेला. तिनं भावाला जवळ बसवलं आणि त्याच्या कानात नाव सांगितलं. झकास नाव होतं म्हणे. मला विचारू नका, मला कुठून कळणार?

"आक्का, हे नाव कुणाला सांगशील तर माझ्या गळ्याची शपथ," धुळा म्हणाला. एकुलता एक भाऊ तो. आक्कानं शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी धुळा तोंड घट्ट मिटून गावात शिरला. वेशीपाशी लोकांनी नाव विचारलं, बोलला नाही. रखमीनं गुळाचा चहा पाजला, चहा पिऊन उठला. यसूला पहिल्यांदाच नवऱ्याचा अभिमान वाटला.

बारशाला घर भरलं. घुगऱ्या शिजल्या. आत्या नाही म्हणून पाळण्याशी धुळालाच वाकवला. बायकांनी रीतीप्रमाणे त्याच्या पाठीत धपाटे घातले. धुळा 'कुर्रर्र' म्हणाला आणि बाळाच्या कानात कुजबुजायला लागला. बराच वेळ कुजबुजत होता. एवढं लांब नाव कुठलं म्हणून बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"काय नाव ठेवलं?" बायकांनी विचारलं.

धुळानं नुसता पाळणा हलवला.

"अवं, सांगा की आता," यसू म्हणाली.

"बाळाच्या कानात सांगायचं, दुसऱ्या कुणाला न्हाई. तूच म्हणलीस."

"ते बारसं होईपर्यंत हो."

"तसं काय तू म्हणली न्हाईस."

बायकांनी समजावलं. म्हाताऱ्यांनी दटावलं. धुळाच्या तोंडाचं कुलूप काही निघालं नाही.

"ऱ्हाऊ द्या," यसू म्हणाली. "मी आक्कांनाच विचारते."

"ती न्हाई सांगायची. माझ्या गळ्याची शपथ घातलीय तिला."

आक्का जीव गेला तरी भावाची शपथ मोडणार नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. यसू पाळण्यापाशी बसली. पाळण्याची दोरी हातात घेऊन बाळाकडं बघत राहिली.

"असू दे," ती डोळे पुसत म्हणाली. "माझं लेकरू मोठं होईल, बोलायला लागंल. तेच सांगंल मला."

"ते कसं सांगंल?" धुळा म्हणाला. "मी काय खुळा हाय? त्याला पण शपथ घातलीय."